ह्यात तुमचं काय?

वरठाबाईंच्या हातावर कोणी पेढा ठेवला की त्या आधी विचारायच्या, "कशाबद्दल?" मुलगा पास झाला, फ्लॅटचा ताबा मिळाला, असं काहीतरी कारण कळलं की पेढा एकदा उजेडात धरून बघायच्या आणि मगच तोंडात टाकायच्या. देणारा तोवर अवघडून उभा. मी शाळेत नवी रुजू झाले तेव्हा ओळख वाढावी म्हणून घरून मुद्दाम घावणे करून नेले होते. डबा पुढे केला तर बाई म्हणाल्या, "ह्यात तुमचं काय?"

"माझं काय असणार? काही नाही. घ्या ना."

"काही नसताना कोण देतं?" असं म्हणून त्यांनी स्वतःचा डबा उघडला आणि माझ्याकडे पाठ करून जेवल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बरेच दिवस हा प्रकार चालला. शेवटी एकदा वैतागून मी म्हटलं, "अहो, मला एकटीला जेवण जात नाही, म्हणून देतेय!" तेव्हा त्यांनी मान डोलावली, एक घावणा उचलला आणि म्हणाल्या, "हे आधी सांगायचं." त्यांचा हा हिशेब मला तेव्हा कळला. ज्याचा काही स्वार्थ दिसतो त्याच्याशी व्यवहार करता येतो. जो 'काही नाही' म्हणतो, त्याच्यापासून सांभाळून राहायचं.

आमची शाळा वरसाव्याच्या अलीकडे, घोडबंदर रोडला लागून. मराठी माध्यमाची, चौथीपर्यंतची, छोटी. समोर टॉवर, मागे डोंगर आणि डोंगराच्या पायथ्याशी वारल्यांचा पाडा. शाळेत निम्मी मुलं त्या पाड्यातली. वरठाबाईही वारली, पण त्या इथल्या नव्हेत, तलासरीकडच्या. नोकरीमुळे काशिमीऱ्याला मुलाबरोबर राहायच्या. ठेंगणी, काटक मूर्ती, घट्ट बांधलेला अंबाडा, आणि खुर्ची नेहमी भिंतीला टेकवून, दाराकडे तोंड करून. कोण येतंय ते आधी दिसलं पाहिजे.

एकदा माझ्याबरोबर केबिन रोडला भाजी घ्यायला आल्या. मी तिथेच मागे राहते, भाजीवाला माझ्या रोजच्या ओळखीचा. बाईंनी त्याला सांगितलं, "भैया, काटा इधर घुमाओ."

"अरे बहनजी, इलेक्ट्रॉनिक है!"

"तो क्या हुआ? उसको बनाया किसने? आदमी ने ही ना?"

भाजीवाल्याने मुकाट्याने काटा फिरवला. तेव्हापासून तो मलाही न सांगता काटा फिरवून दाखवतो, त्यामुळे त्यांच्या संशयाचा मला फायदाच झाला म्हणायचा.

बाईंचं मराठी मात्र ऐकत राहावं असं. हेडसरांचं बोलणं जळगावचं, माझं परळचं. आम्हा दोघांनाही त्या टोकायच्या. मी "मी आली" म्हटलं की लगेच, "आले म्हणा, परबबाई. वर्गात मुलं ऐकतात." चौथीचा वर्ग कायम त्यांच्याकडे. पाड्यातली मुलं चौथीपर्यंत टिकली की बाईंच्या हाताखाली त्यांचं वाचन खणखणीत व्हायचं. पण टिकली तर. बरीचशी पहिलीतच गळायची. यायची, कोपऱ्यात बसायची, काही दिवसांनी यायचीच बंद व्हायची. 'ह्यांच्या घरी अभ्यासाचं वातावरण नाही' असं आम्ही म्हणायचो. वरठाबाई तेवढ्यात वह्यांचा गठ्ठा पुढे ओढायच्या.

त्यांना गावाकडून फोन आला की त्या मैदान ओलांडून पाण्याच्या टाकीमागे जायच्या. पाठ आमच्याकडे, तोंडावर हात. जवळून कोणी गेलं तर वाक्य मध्येच तोडायच्या, मागे बघायच्या आणि "बरं, ठेवते मग" असं स्वच्छ मराठीत म्हणून फोन बंद. मी एकदा सहज विचारलं, "बाई, तुम्हाला वारली येत असेल ना?"

"नाही. लहानपणीच सुटलं."

खोटं बोलतायत हे मला समजत होतं, का ते समजत नव्हतं. मी पण तशी संशयी बाई आहे. मला वाटायचं, ह्यांना आपल्याच माणसांची लाज वाटते.

मग एका वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीआधी अनघा आली. मुलांच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या एका संस्थेतली, हसऱ्या चेहऱ्याची मुलगी. म्हणाली, पाड्यातल्या मुलांना पहिली-दुसरीत त्यांच्या वारलीतूनच शिकवायचं, बरोबरीने मराठी ऐकवत, बोलायला लावत न्यायचं आणि तिसरीपर्यंत मराठीवर आणायचं. मूल घरच्या भाषेत वाचायला शिकलं की दुसरी भाषा त्याला जड जात नाही, वगैरे वगैरे. हेडसरांना कल्पना आवडली. पहिलीचा वर्ग शिक्षक कमी असल्यामुळे तेच घ्यायचे आणि गप्प बसलेल्या पोरांपुढे बोलून बोलून त्यांचा घसा बसायचा. प्रश्न एवढाच, की वारलीतून शिकवणार कोण? सगळ्यांच्या माना वरठाबाईंकडे वळल्या.

बाईंनी अनघाला विचारलं, "तुम्हाला मूलबाळ?"

"एक मुलगी आहे. यंदाच पहिलीत जाईल."

"कुठल्या शाळेत?"

अनघाचा आवाज जरा खाली आला. "इंग्लिश मीडियम. पण घरी आम्ही मराठीच बोलतो हं, बाई."

"म्हणजे तुमची इंग्रजीतून पुढे जाणार आणि आमची वारलीतून मागे. ह्यात तुमचं काय?"

"माझं काहीच नाही हो. मुलांचं भलं व्हावं, बस."

'काहीच नाही' ऐकल्यावर बाईंनी पर्स उचलली. पण अनघा चिकाटीची. तिने विचारलं, निदान जूनमध्ये वर्गाच्या उद्घाटनाला पाड्यातल्या लोकांना तारपा वाजवायला सांगाल का? बाई दारातून मागे फिरल्या.

"भात हातात आल्याशिवाय तारपा वाजत नाही. जूनमध्ये कुठला तारपा? आणि तुम्ही लोक आम्हाला नाचायला आधी बोलावता, शिकायला नंतर."

लहानपणीच सगळं सुटलेल्या बाईंना तारप्याचा मोसम बरा ठाऊक होता. मी ते मनात टिपून ठेवलं.

पहिलीत तेव्हा रोशनी नावाची मुलगी होती. पाड्यातली, मोठ्या डोळ्यांची. वर्षभरात तिने वर्गात एक शब्द उच्चारला नव्हता. हेडसर मायेचे माणूस, त्यांना काळजी वाटायला लागली. त्यांनी मुलांची बुद्धी तपासणाऱ्या एका मॅडमना बोलावलं. मुलीची बुद्धी कमी आहे असा त्यांचा अभिप्राय आला तर रोशनीला मतिमंद मुलांच्या शाळेत घालायचं ठरत होतं. ती शाळा लांब, पाड्यातून तिला रोज कोण नेणार? म्हणजे रोशनी घरी बसणार, हे उघड होतं.

तपासणीच्या दिवशी वरठाबाई आपला वर्ग सोडून ऑफिसच्या दारात उभ्या राहिल्या. "पोरीला एकटीला आत बसवायचं नाही," एवढंच म्हणाल्या. वर्गाची चावी द्यायला आले होते, म्हणून मीही तिथेच होते. मॅडम चांगल्या होत्या, आवाजही प्रेमळ. चित्रं दाखवत होत्या. छत्री, चमचा, मासा, खेकडा. "हे काय आहे, बाळा? सांग बरं?" रोशनी चित्राकडे बघायची, मॅडमकडे बघायची, मग खाली. खेकड्याच्या चित्रावर तिचे ओठ हलले आणि परत मिटले. मॅडमनी सुस्कारा सोडून पुढ्यातल्या कागदावर काहीतरी लिहिलं.

आणि वरठाबाई आत गेल्या. रोशनीच्या शेजारी जमिनीवर उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "भेव नोको, पोसी. सांग, तुना बाहास कठं धरतं ह्याला?"

खेकडा तिचा बाप कुठे धरतो, एवढंच त्या विचारत होत्या, पण मी थक्क झाले. तो त्यांचा आवाजच नव्हता. चौथीच्या वर्गातला ताठ, घासून पुसून ठेवलेला आवाज कुठल्या कुठे गेला होता. रोशनीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि मग ती जी सुरू झाली! मला सगळं समजलं नाही. बाप, चेण्याची नदी, दगड, रात्रीची बत्ती, एवढं समजलं. बोट कसं सांभाळायचं ते तिने हातवारे करून दाखवलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. हेडसर चष्मा काढून पुसत बसले. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

बाई उठून बाहेर आल्या. मला वाटलं, त्यांचेही डोळे भरलेले असतील. कसलं काय! माझ्यावर त्या खेकसल्या, "ऐकलंत ना? आता सांगा गावभर, वरठाबाई खोटारडी म्हणून."

त्या दुपारी त्या स्वतःहून मला पाण्याच्या टाकीमागे घेऊन गेल्या. आधी चारी बाजूंना बघितलं.

"आश्रमशाळेत घरचा शब्द तोंडातून गेला की मास्तर ओणवं उभं करायचे. पाठीवर वीट ठेवून. तेव्हा मी ठरवलं, ह्यांच्यापेक्षा चांगलं मराठी बोलायचं. बोलले. नोकरी लागली. मग जातीच्या दाखल्याची तपासणी आली. तिथला माणूस म्हणाला, तुमची बोली बोलून दाखवा. माझी जीभच उचलेना. डोळ्यांसमोर वीट! तो म्हणाला, तुम्ही तर एकदम शुद्ध बोलता, मग वारली कशावरून? बघा परबबाई, शाळेत बोलले म्हणून मार आणि इथे बोलले नाही म्हणून खोटी."

"मग?"

"मग आईला घेऊन गेले. आई धवलेरी होती. आमच्यात भटजी नसतो, धवलेरी गाणी म्हणून लग्न लावते. मांडवाबाहेर ती गाणी ती कधी म्हणायची नाही. त्या माणसाने सांगितलं, म्हणा. मांडव नाही, नवरा-नवरी नाही, नुसता पंखा फिरतोय आणि माझी आई तिथे उभी राहून लग्नाची गाणी म्हणतेय. माझी नोकरी टिकावी म्हणून. घरी जाईपर्यंत ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही."

त्यांनी पदराने नळ पुसला. नळाला काही झालेलं नव्हतं.

"तेव्हापासून कोणी आमची बोली मागायला आलं की माझं मस्तक फिरतं. तिच्यापायी मारणारेही हेच आणि तिची परीक्षा घेणारेही हेच."

एवढं सगळं झालं म्हणून बाई अनघाच्या गळ्यात पडल्या असं समजू नका. दुसऱ्या दिवशी तिला समोर बसवून त्यांनी वकिलासारखी उलटतपासणी घेतली. "पोरगी हुशार निघाली म्हणून तुमची योजना खरी ठरत नाही. मराठी पहिल्या दिवसापासून बोललं गेलं पाहिजे. तिसरीत ही पोरं इतरांबरोबर बसली पाहिजेत, वेगळा कोपरा नको. आणि तुमची संस्था निघून गेली की काय करायचं? वरसाव्याच्या पुलावर अडकलेल्या गाडीसारखं, ना इकडे ना तिकडे, असं मुलांचं करायचं नाही." अनघा घाम पुसत कबूल करत गेली. शेवटी बाई म्हणाल्या, "ठीक. मी चौथी सोडते, पहिली घेते. पण मी तुमच्यावर विश्वास ठेवलेला नाही, हे लक्षात असू द्या."

राहिला पाडा. मुलं पाठवणार तर तेच लोक. एका रविवारी हेडसर, अनघा, वरठाबाई आणि मी, असे पाड्यात गेलो. अंगणात माणसं जमली. त्या पाड्यातली एक रीत मला तिथे समजली. परका आला की त्याला प्लास्टिकची खुर्ची देतात. सरकारी माणूस, बिल्डरचा माणूस, मतं मागणारा, सगळे खुर्चीवर. आपलं माणूस जमिनीवर, सारवलेल्या अंगणात. आम्हाला खुर्च्या मांडल्या होत्या. चार. वरठाबाईंनी त्या चौथ्या खुर्चीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. त्या बसल्याच नाहीत. सगळा वेळ खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

अनघाने समजावलं, हेडसरांनी समजावलं. लोक ऐकत होते, पण चेहरे दगडासारखे. एक बाप म्हणाला, "भाषा विचारायला येतात, मग घरं मोजतात. मग जमीन." दुसरा म्हणाला, "मराठी आलं तर समोरच्या टॉवरमध्ये वॉचमनची नोकरी लागंल. वारलीत कोण नोकरी देतं?" मग रोशनीची पणजी, जेठीआजी, जी इतका वेळ तोंड मिटून बसली होती, ती थेट वरठाबाईंना म्हणाली, "तू मराठी शिकलीस, बाई झालीस. आता आमच्या पोरांना वारली शिकवतेस. तुनी नात कठं जाते शाळेला?"

बाईंची नात आर्या मीरा रोडला इंग्लिश मीडियममध्ये जात होती. हे मला माहीत होतं. बाईंना तर होतंच.

"आणि ह्यात तुना काय?" आजीने विचारलं.

वरठाबाईंनी खुर्चीवरचा हात काढून घेतला. त्या एवढंच म्हणाल्या, "पुढच्या रविवारी सांगते." सगळा डाव फिसकटला, असं मला वाटलं. इतक्या वर्षांनी बाईंनी तोंड उघडलं आणि ऐकणारेच नव्हते. मला त्यांचं फार वाईट वाटत होतं.

त्या आठवड्यात बाई घरी काय काय बोलल्या असतील देव जाणे. सोमवारी तावातावाने आल्या, बुधवारी घुम्या होत्या, शुक्रवारी डोळे सुजलेले. रविवारी, अनघा आणि हेडसर बरोबर नकोत असं बाईंनी सांगितलं, मला मात्र घेतलं. "तुम्ही चला. मला एकटीला जायचा धीर होत नाही," असं कारणासकट सांगितलं.

खुर्च्या होत्याच. बाई पुन्हा उभ्या राहिल्या आणि बोलल्या, सगळं वारलीत. आधी मी नुसते चेहरे बघत होते, पण बरंचसं समजलं. त्या म्हणत होत्या: नातीला ह्या शाळेत आणायचं म्हणून मी मुलाशी भांडले. तो ऐकत नाही. सून म्हणते, इंग्रजी सोडणार नाही. मी तिला आणू शकत नाही. आणते असं सांगून मला तुम्हाला फसवता आलं असतं, पण ते करायचं नाही. आणि ह्यात माझं काय, तर हे. आर्या मला घरी इंग्रजीत गोष्ट वाचून दाखवते आणि मी आईची एकही गोष्ट तिला सांगू शकले नाही, कारण तिला समजत नाही. मी मेले की आमच्या घरातलं हे बोलणं संपलं. तुमच्या पोरांच्या तोंडी ते राहिलं तर मला हवंय. माझ्यासाठी हवंय.

मला वाटलं, झालं, संपलं. जेठीआजी हळूच उठली. तिने बाईंच्या मागची खुर्ची ओढली आणि भिंतीशी नेऊन ठेवली.

"बाकीचे आणतो म्हणतात आणि तोंड दाखवत नाहीत. तू खरं बोललीस," ती म्हणाली. "बस खाली."

वरठाबाई मटकन जमिनीवर बसल्या. मी माझ्या खुर्चीवर, एकटी, उंच, अशी काही अवघडले की विचारू नका.

सगळ्यांनी मुलं पाठवली नाहीत. वॉचमनच्या नोकरीवाला शेवटपर्यंत बधला नाही. पण रोशनी आली, तिच्या आजूबाजूच्या घरांतली आली, आणि वर्गात असा काही कालवा सुरू झाला की हेडसरांना भिंतीपलीकडून "हळू, हळू" म्हणावं लागायचं. आर्या तिच्या शाळेला सुट्टी असेल त्या शनिवारी आजीबरोबर यायची आणि मागे बसायची. तिने एखादा शब्द उच्चारला की पहिलीची पोरं खो खो हसायची. बाई पोरांना दटावायच्या नाहीत. "हसू दे. तिला पण कळू दे, कसं वाटतं ते," म्हणायच्या.

अनघाची संस्था यथावकाश दुसऱ्या जिल्ह्यात गेली. ही बातमी बाईंनी मला जवळजवळ आनंदाने सांगितली. "मी काय म्हटलं होतं?" त्यांच्या निवृत्तीचं वर्ष आलं आणि पहिलीचा वर्ग कोणाला द्यायचा हा प्रश्न उभा राहिला. पोरं पुलावरच अडकणार, ह्या विचाराने बाईंना झोप लागेना. मी म्हटलं, मला द्या, तुम्ही मला वारली शिकवा.

भुवया वर. "ह्यात तुमचं काय?"

ह्या वेळी मी तयार होते. "हेडसरांचे हाल मी बघितलेत. माझ्यासमोर वर्षभर पोरं मुकी बसली तर मला वेड लागेल."

माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "बरं. शनिवारी पाड्यात या. दुपारी."

शनिवारमागून शनिवार मी जात राहिले. दर वेळी जेठीआजी माझ्यासाठी खुर्ची आणायची. बाई, आर्या, रोशनी आणि बाकीची पोरं अंगणात, मी वर. पोरं माझे शब्द ऐकून लोळायची. मी एकदा खुर्ची बाजूला करून खाली बसायला गेले, तर वरठाबाई म्हणाल्या, "राहू दे, राहू दे. अजून खुर्चीच." मला राग आला, पण गिळला.

तलासरीला आपल्या गावी कायमच्या जायच्या आधीचा त्यांचा तो शेवटचा शनिवार. त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही. मी पोचले तेव्हा त्या अंगणात मांडी घालून बसल्या होत्या. आर्या एका गुडघ्याला टेकून, रोशनी दुसऱ्या. आईची कुठलीतरी गोष्ट सांगत होत्या, चांगल्या खड्या आवाजात. पलीकडच्या रस्त्यावरून टॉवरमधली माणसं जात होती, एक-दोन जण थांबून ऐकतही होती. बाईंनी मान वळवली नाही, तोंडावर हातही नेला नाही.

मी अंगणाच्या कडेला उभी राहिले. भिंतीशी बघितलं, दाराआड बघितलं. जेठीआजी उंबऱ्यात बसून माझ्याकडे बघत होती, पण जागची हलली नाही.

गोष्ट थांबली. वरठाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, डोळे बारीक करून, अगदी उजेडात धरलेल्या पेढ्यासारखं.

"काय शोधताय, परबबाई?"

"काही नाही," मी म्हटलं आणि चपला काढून खाली बसले.